सत्कार नको, पेन्शन द्या

९ मे २०२५ रोजी अग्निवीर मुरली नाईक जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर मारला गेला. त्याचे आईवडील वर्षानुवर्षं आमच्या घाटकोपरच्या कामराजनगरात राहिलेले. असं काही घडलं की नाक्यानाक्यावर फलक लागतात, पुढारी येतात, ‘वीरमाते’ला शाल-श्रीफळ दिलं जातं. मला या शब्दाची चीड येते. एकदा वीरमाता केलं की तिने रडायचं नाही आणि हक्काचं काही मागायचंही नाही!

मैत्रिणींनो, जवान सीमेवर जातो तेव्हा घरातली एक बाईही कामावर रुजू होते. फोन लागला नाही की रात्र जागून काढायची, बातम्या लागल्या की पोटात गोळा. शिवाय म्हाताऱ्यांची औषधं, रेशन, कर्जाचे हप्ते आहेतच. या श्रमांना पगार नाही. नियमित जवान मारला गेला तर पत्नीला, ती नसेल तर आईवडिलांना पेन्शन मिळतं. या श्रमांची निदान तेवढी तरी दखल होती.

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने तीही पुसली. नोकरी चार वर्षांची आणि भरती फक्त अविवाहितांची. म्हणजे मागे उरते ती बहुतेक वेळा आईच. कामगिरीवर मृत्यू आला तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान. पेन्शन मात्र नाही.

“एवढे लाख मिळाले, आणखी काय हवं?” असं विचारणाऱ्यांनी आपल्या सल्ला केंद्रात एक दिवस बसावं. बाईच्या हाती एकरकमी पैसा आला की दीर, जावई, सावकार सगळ्यांना नाती आठवतात. एका सहीत सगळं जातं. दरमहा तिच्या खात्यात येणारं पेन्शन असं एका सहीत कुणाला लाटता येत नाही.

आपण युद्धाच्या विरोधात आहोत, मग हा प्रश्न आपला कसा, असं काहीजणी म्हणतात. मला ते पटत नाही. युद्धाची किंमत कोण मोजतं हे आपण नाही सांगायचं तर कुणी?

एकाच चौकीवर मेलेल्या दोन जवानांच्या आयांमध्ये सरकार फरक का करतं? मुरलीची आई २०२५ मध्ये हाच प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. सत्काराला गर्दी करणाऱ्यांनो, या प्रश्नाचं उत्तर द्या. आणि मैत्रिणींनो, तिला एकटं पाडू नका. पेन्शनची मागणी आपल्या मोर्चांच्या फलकांवर आलीच पाहिजे.