लॉरीच्या मागून पडलेला माल

इंग्लंडमध्ये नवाकोरा टीव्ही निम्म्या किमतीत विकणारा डोळा मिचकावून म्हणतो, 'लॉरीच्या मागून पडला होता.' घेणारा हसतो आणि पैसे मोजतो. लॉरी कोणाची, आणि खोक्यासकट पडूनही वस्तूवर ओरखडा कसा नाही, हे तो विचारीत नाही.

आम्हांस यातले क्रियापद बोलके वाटते. 'चोरणे' सकर्मक, कोणी चोरले हा प्रश्न तेथे उभा राहतोच. 'पडणे' अकर्मक, तेथे माल स्वतःच कर्ता होऊन बसतो. चोर वाक्यातून निसटतो, आणि ज्याचे गेले तोही त्याच्यामागे पुसला जातो. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या १९८१ साली सुरू झालेल्या मालिकेतील डेल बॉयवर प्रेक्षकांनी जीव लावला, तो काहीसा या सोयीमुळेच.

तेथील कायदाही एके काळी असाच सोयीचा होता. ठरावीक खुल्या बाजारात सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत प्रामाणिकपणे घेतलेली वस्तू चोरीची निघाली, तरी ती घेणाऱ्याचीच होई. लंडनच्या बर्मंडसी भागातील बाजारात चोरीची दीपदाने विकली गेली. सौदा उजाडण्यापूर्वीचा ठरला, म्हणून १९७३ साली अपील न्यायालयाने ती मूळ मालकास दिली. लॉर्ड डेनिंग त्या पीठावर होते. सूर्य थोडा आधी उगवता, तर मालकाचे काय झाले असते? हा नियम रद्द व्हायला १९९५ साल उजाडावे लागले.

चोरीचा माल बाळगण्याबाबत १९६८ च्या कायद्याचे शब्द आहेत, 'जाणून किंवा मानून'. नुसता संशय पुरेसा नाही, असे तेथील न्यायालये सांगत आली आहेत. हा विनोद नेमका संशय आणि खात्री यांच्यामधल्या फटीत उभा आहे: विकणाऱ्याने काही कबूल केले नाही, घेणाऱ्याने काही विचारले नाही. आमच्या मते मात्र घेणारा हसला, तेव्हाच त्याला कळले होते. न कळलेल्या विनोदाला कोणी हसत नाही.

याचे शब्दशः मराठी करू नये. 'ट्रकवरून पडलेला माल' म्हटले की आपल्या वाचकाला अपघातच दिसेल. आपल्याकडे 'चोरीचा मामला, हळूहळू बोंबला' म्हणतात. यात आवाज दबलेला आहे, पण चोरी पहिल्याच शब्दात कबूल आहे. डेल बॉयच्या तोंडी आम्ही हेच घालू.