‘कातीव’ गद्य आणि घरातले लेथ

मराठी समीक्षेत काही विशेषणे अशी आहेत की ती वापरताना कोणी क्षणभरही थांबत नाही. कवितेची ओळ कातीव असते, शैली घडीव असते, व्यक्तिचित्र कोरीव असते. विद्यार्थी हे शब्द उत्तरपत्रिकेत लिहितात आणि त्यांस गुणही मिळतात. परंतु कातणे, घडवणे, कोरणे या क्रियांशी लिहिणाऱ्याचा वा तपासणाऱ्याचा हात क्वचितच लागलेला असतो. ‘कातणे’ या क्रियापदाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक सूत कातण्याचा, आणि दुसरा लाकूड किंवा धातू फिरता ठेवून हत्याराने त्यास गोलाई आणण्याचा. या दुसऱ्या अर्थातून कातारी हा कारागीर आला आणि त्याच्या कामातून ‘कातीव’ हे विशेषण. आज कातारी दिसेनासा होत चालला असला, तरी ती क्रिया धातूवर करणारा टर्नर आणि त्याचे लेथ मशीन कारखान्याकारखान्यांत आहे. असे यंत्र छंद म्हणून घरी आणावे काय, हा प्रश्न साहित्याच्या चर्चेत उपरा वाटेल. भाषा शिकवणाऱ्यांनी तरी तो उपरा मानू नये, असे आमचे मत आहे.

आम्ही शिरूरला शिकवतो. येथून पुण्याच्या वाटेवर रांजणगाव लागते. तेथे अष्टविनायकांतील महागणपती आहे आणि फ्रिजपासून मोटारींपर्यंत अनेक वस्तू जेथे तयार होतात अशी औद्योगिक वसाहतही आहे. आमच्या वर्गांतील कित्येकांचे वडील वा भाऊ तेथे पाळीत काम करतात. कोणी दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नरचा अभ्यासक्रम पुरा केलेला असतो. ‘जॉब’, ‘कट’, ‘फेसिंग’, ‘आटे पाडणे’ हे त्यांच्या घरातले शब्द. ‘घाट’, ‘पोत’, ‘घडण’ हे आमच्या वर्गातले. दोन्ही शब्दसंग्रह एकाच घराण्यातले असून त्यांची गाठ मात्र पडत नाही.

ही फारकत केवळ आळसाची नाही. युरोपात कातकाम हा फार पूर्वीपासून प्रतिष्ठितांचाही छंद होता. रशियाचा झार पीटर स्वतः लेथवर हस्तिदंत कातत असे. शार्ल प्लुमिए या फ्रेंच धर्मोपदेशकाने १७०१ साली या कलेवर सचित्र ग्रंथ छापला. लंडनमध्ये १८९८ साली हौशी यंत्रकारांसाठी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक निघाले. आपल्याकडे लोखंडाचे काम लोहाराचे आणि लाकडाचे सुताराचे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचताना ध्यानात येते की बलुत्याच्या त्या व्यवस्थेत काम जन्माने वाट्याला येई. जे जन्माने येते त्याचा छंद कसा व्हावा? आणि ज्याच्या वाट्याला लेखणी आली त्याने हातोडी कशासाठी उचलावी? सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी यांनी आपल्या व्यवसायाची भाषा अभंगात आणली, ती हातात काम होते म्हणून. नंतरच्या पांढरपेशा साहित्याने शब्द ठेवून घेतले आणि काम सोडून दिले.

अपवाद आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले, रंगांधळेपणामुळे यांत्रिक आरेखनाकडे वळले, काही काळ शिक्षकही होते. १९१० साली त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. त्याच कारखान्याच्या आवारातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले आणि पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ही. १९४१ साली स्थापन झालेल्या हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करने तर लेथच बनवले. नांगराचा फाळ आणि मासिकाचा अंक एकाच छपराखालून बाहेर पडण्याची ही घटना मराठीतच घडली. वाङ्मयेतिहासात आपण मासिक शिकवतो आणि ओतशाळा वगळतो.

आता प्रत्यक्ष आरंभाविषयी. घरासाठी लहान, टेबलावर बसणारे लेथ पुरते. साधारण सात इंच व्यासाचा आणि चौदा इंच लांबीचा जॉब त्यावर बसतो, दोन माणसांना ते उचलता येते आणि घरातील सिंगल फेज विजेवर ते चालते. राजकोट वा बटाल्याच्या बनावटीचे जुने साडेचार फुटी यंत्र अधिक भक्कम खरे, परंतु त्याचे वजन काही क्विंटल आणि त्यास पक्का पाया हवा. यंत्राच्या किमतीइतकाच विचार चक, टूल, व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि टूलला धार लावण्याचा ग्राइंडर यांचा करावा. प्रारंभ पितळ किंवा अॅल्युमिनिअमवर करावा, मग माइल्ड स्टीलवर. साध्या हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील कापताना वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर धरला, तर २५ मिलिमीटर व्यासाच्या सळईसाठी मिनिटाला सव्वातीनशेच्या आसपास फेरे येतात. टूलचे टोक जॉबच्या मध्यरेषेवर हवे. ते वर वा खाली गेले की पृष्ठभाग बोलू लागतो. पहिला जॉब म्हणून गवंड्याचा पितळी ओळंबा करावा. त्यात फेसिंग, निमुळते कातणे, दोरीसाठी छिद्र आणि हाताची पकड बसावी म्हणून नर्लिंग, असे बहुतेक धडे येतात. नियम मात्र कठोर आहेत. चकची किल्ली चकमध्ये कधीही ठेवू नये; डोळ्यांवर चष्मा हवा; हातमोजे, सैल बाही, ओढणी, बांगड्या, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही नको; कीस हाताने ओढू नये.

यातून साहित्याला काय मिळते? पहिली गोष्ट अशी की काढलेला धातू परत लावता येत नाही. टूल ०.१ मिलिमीटर आत सरकवले की व्यास ०.२ मिलिमीटरने घटतो आणि पुनर्लेखनाची मुभा तेथे संपते. दुसरी अशी की गुळगुळीतपणा शेवटी येतो. आधी जाड कट घेऊन आकार काढावा लागतो, अखेरचा कट बारीक असतो; पहिल्याच कटात चकाकी शोधणाऱ्याचा जॉब माप चुकतो. तिसरी, आणि आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी, ही की तेथे विशेषण चालत नाही. जॉब ‘सुबक’ आहे म्हणून भागत नाही. तो बेअरिंगमध्ये बसतो की नाही, एवढाच प्रश्न असतो. ‘कातीव’ हा शब्द ज्याने कातून पाहिला तो तो जपून वापरील. बहुतेक वेळा आपण केवळ अल्पाक्षरी लेखनाला कातीव म्हणतो. तोकडी सळई आणि कातलेली सळई यांतला फरक हाताला कळतो, तसा तो डोळ्यालाही कळू लागेल.

एक आक्षेप रास्त आहे. कारखान्यात पाळी उभ्याने काढणाऱ्याला लेथ हा छंद नाही. प्राध्यापकाने रविवारी ओळंबा कातून श्रमसंस्कृतीचा अनुभव घेतला असे म्हणणे हा त्या माणसाचा उपमर्द होईल. थकवा, पाळीचा तगादा, कंत्राट संपण्याची भीती, यांतले काहीही छंदात येत नाही आणि त्या अनुभवावर आपला हक्कही नाही. नारायण सुर्वे किंवा बाबुराव बागूल यांचे साहित्य घरच्या लेथमुळे अधिक ‘कळेल’ असा दावा आम्ही करीत नाही. आमचा दावा त्याहून लहान आहे. जन्माने नेमून दिलेले काम कोणी आपखुशीने शिकू लागला, तर त्यास ते शिकवणारा हवा असतो. शिरूरमध्ये तो बहुधा आपल्याच विद्यार्थ्याचा बाप किंवा भाऊ असेल. त्याच्यासमोर मराठीच्या प्राध्यापकाने शिकाऊ म्हणून उभे राहणे, टूलला धार कशी लावावी हे त्याच्या हाताकडे पाहून समजून घेणे, त्याच्या शब्दांची वही करणे, यात दोघांमधली जुनी पायरी थोडी झिजते. थोडीच; परंतु शिक्षकदिनाच्या भाषणांनी ती तेवढीही झिजत नाही.

हे करण्यास प्रत्येकाने यंत्र विकत घ्यावे असे नाही. एखाद्या विभागाने जवळच्या आयटीआयच्या कार्यशाळेत पदव्युत्तर वर्गाची एक दुपार घालवली, तरी आरंभ होईल. तेथे निदेशकाने चालत्या यंत्रावर एक सळई कातून दाखवावी आणि विद्यार्थ्यांनी ती क्रिया मराठीत, एकही विशेषण न वापरता, एका पानात लिहावी. शैलीविचाराचा तास त्या पानापासून सुरू करता येईल.