तिकीट कशासाठी काढायचे?

"मोबाइलवर सारे फुकट दिसते, मग पैसे मोडून नाटकाला कशाला जायचे?" असे आपल्या समाजातील शहाणी माणसे हल्ली विचारतात. आम्हांला हा हिशेबच मुळी मान्य नाही.

माणूस नाटक-सिनेमाला नुसता बघायला जात नाही, चारचौघांबरोबर बघायला जातो. आमची आई सांगत असे, 'बूट पॉलिश'मधला आपल्या डेव्हिड अब्राहम चेऊलकरांचा जॉन चाचा पाहून तिला रडू आवरेना, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने काही न विचारता रुमाल पुढे केला. मोबाइल रुमाल देत नाही.

आणि हे वेड आपल्याला नवे थोडेच आहे? हिंदुस्थानचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली आला, तो आपल्याच जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरून. अशा लोकांची लेकरे आज इस्रायलात मराठी नाटक लागले, की गुडघेदुखीची सबब सांगून घरी बसतात! हेच गुडघे लग्नाच्या हळदीला मात्र बरे दुखत नाहीत.

दुसरी सबब, "नातवंडांना मराठी कळत नाही." कळत नाही म्हणूनच त्यांना आणावे. सारा हॉल हसला, की नातू वळून विचारील, "आजी, काय झाले?" तुम्ही त्याच्या कानात सांगाल. घरी हा प्रश्न त्याने कधी विचारला होता?

तेव्हा बंधुभगिनींनो, पुढच्या नाटकाला एक तिकीट जास्तच काढा.