दुसऱ्या खेपेला

पहिल्या वेळी सारे घर गरोदर असते, दुसऱ्या वेळी एकटी बाई. हे वाक्य माझे नव्हे. आमच्या सासूबाईंचे आहे. चार बाळंतपणांच्या अनुभवावरून त्यांनी ते उच्चारलेले असल्यामुळे त्याला हरकत घेण्याचे धाडस मी केले नाही. शिवाय, वाचकभगिनींनो, ते खरेच आहे.

पहिल्या वेळी मी नुसती शिंकले तरी पुण्याहून आईचा फोन येई. हे रोज संध्याकाळी डोंबिवली स्टेशनबाहेरून शहाळे घेऊन येत आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभे राहत. या खेपेलाही शहाळे येते, नाही असे नाही. फक्त त्यातले पाणी आमची चिऊ पिते, मलई हे खातात आणि रिकामे शहाळे कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकण्याचा मान माझ्याकडे येतो. पहिल्या वेळी मळमळू लागले की मी पलंगावर आडवी होत असे. या वेळी मळमळायलाही सवड नव्हती. एका हाताने पोळी उलटायची, दुसऱ्या हाताने तोंडावर पदर धरायचा आणि तेवढ्यात बालवर्गाची गाडी खाली येऊन भोंगा वाजवू लागली की सगळे गिळून, "चिऊ, बूट!" असे ओरडायचे. ओकारीसुद्धा बिचारी गाडी जाईपर्यंत थांबायला शिकली.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या खेपेची खास. पोटातली हालचाल लवकर कळते. पहिल्या वेळी पाचवा महिना लागून गेला तरी ते बाळ आहे की पोटातला वायू, याचा मला निर्णय होत नव्हता. या वेळी चौथा सरता सरता, लोकलमध्ये उभी असताना, कोणीतरी आतून बोटाने टिचकी मारावी तसे झाले आणि मी ओळखले. ओळखीच्या माणसाने दार वाजवले की कळते ना, तसे.

डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याचे एक गोल चक्र फिरवून तारीख सांगितली, ८ डिसेंबर. सासूबाईंचा चक्रावर विश्वास नाही. त्यांचा हिशेब 'नऊ महिने नऊ दिवस' हा. मी त्यांना समजावून सांगितले, की डॉक्टरांचा हिशेबही फार वेगळा नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे आणि नऊ महिने पुढे मोजायचे. म्हणजे १ मार्चचे झाले ८ मार्च आणि ८ मार्चची झाली ८ डिसेंबर. एकूण सुमारे २८० दिवस, चाळीस आठवडे. सासूबाईंनी बोटांवर मोजले आणि चक्राला दोन दिवसांच्या फरकाने पास केले. पण डॉक्टरीणबाई असेही म्हणाल्या होत्या, की शंभरातल्या जेमतेम चार-पाच बायकाच नेमक्या त्या तारखेला बाळंत होतात.

"मग तारीख देतात कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"रजेच्या अर्जासाठी," हे वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले.

थट्टेने म्हणाले, पण ते अगदी खोटे नाही. १९६१ साली मातृत्वलाभाचा कायदा झाला, तेव्हापासून नोकरी करणाऱ्या बाईला बारा आठवड्यांची पगारी रजा होती. २०१७ सालच्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली. त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. तिसऱ्यापासून पुन्हा बाराच. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी शेवटच्या पंगतीला बसले आहे. मी आधीची रजा न घेण्याचा बेत केला आहे, सारीच्या सारी बाळ मांडीवर आल्यानंतर खर्च करायची. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींनी हे आकडे ऐकले आणि विचारले, "सव्वीस हप्ते? घरी बसून पगार?" त्यांच्या सुनेला तसे काही नव्हते, आठव्या महिन्यापर्यंत ती चार घरची धुणी करीत होती. मात्र तिला दुसरी मुलगी झाली तेव्हा सरकारकडून सहा हजार रुपये मिळाले. दुसऱ्या बाळंतपणाला ही मदत २०२२ सालापासून मुलगी झाली तरच मिळते. मावशी म्हणाल्या, "सरकारनं लेकीची ओटी भरली बघा. घरात कुणी भरली नव्हती."

हे शेवटचे वाक्य त्या सहज बोलून गेल्या. मला ते पुढे अनेक दिवस पुरले.

औषधांचे सांगते. लोहाच्या गोळ्या एकशे ऐंशी दिवस. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही; लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्या तर उत्तम. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, नाहीतर दोघी एकमेकींच्या पायांत येतात. धनुर्वाताची सुई पहिल्या बाळंतपणाला तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले असते तर एकच पुरली असती. पण आमची चिऊ साडेचार वर्षांची असल्यामुळे मला पुन्हा दोन्ही टोचून घ्याव्या लागल्या. हे सारे वेळापत्रक यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तीन रंगांच्या पेन्सिलींनी लिहिले आहे. पहिल्या वेळी ते माझ्याकडे बघत, आता कॅलेंडरकडे बघतात. पण गोळी एकही चुकलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

घरात खरी गडबड सुरू झाली ती माळ्यावरची ट्रंक खाली उतरल्यावर. ट्रंकेत चिऊची झबली, टोपडी, कुंची, माझ्या आजीच्या नऊवारी लुगड्यांची मऊ दुपटी, सगळे डांबराच्या गोळ्यांच्या वासात नीट घडी घालून ठेवलेले. मी एकेक काढून उन्हात टाकू लागले. चिऊ शाळेतून आली, तिने खिडकीतल्या दोरीकडे पाहिले आणि दप्तर न उतरवताच म्हणाली, "हे सगळं माझं आहे."

"हो, तुझंच. पण तुला आता होतं का?"

तिने एक झबले डोक्यातून घालायचा प्रयत्न केला. ते कानांशी अडकले. आतून आवाज आला, "होतं!"

मग तह झाला. कोणते कपडे बाळाला द्यायचे ते चिऊने ठरवायचे. तिने तासभर बसून दोन ढीग केले. एकात सगळी फुलाफुलांची नवी झबली, आणि दुसऱ्यात गुटीचे डाग पडलेली, बंद तुटलेली. दुसरा ढीग तिने उदार मनाने बाळाच्या नावे केला. सासूबाई म्हणाल्या, "अगदी तुझ्या नवऱ्यासारखी. त्यानंही धाकट्याला फुटकाच भोवरा दिला होता."

मांडीचा प्रश्न त्याहून अवघड. सातवा लागला आणि माझी मांडी आखूड झाली. चिऊ पूर्वीसारखी धावत येऊन बसते, पण मध्ये पोट असल्यामुळे घसरते. मग ती पोटाला कान लावते आणि आतल्याला बजावते, "जरा सरक."

आता जे सांगायचे आहे, त्याची सुरुवात लोकलमध्ये झाली. बायकांच्या डब्यात गरोदर बाईला जागा मिळते. धक्काबुक्की करणाऱ्या बायकाच "या, बसा" म्हणून उठतात. पण त्या जागेचे भाडे म्हणून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. "कितवा?" सातवा. "पहिलंच का?" दुसरं. "पहिलं काय?" मुलगी. तिसऱ्या उत्तरानंतर समोरची बाई माझ्याकडे क्षणभर मायेने पाहते आणि म्हणते, "होईल हो आता मुलगा." ठाणे येईपर्यंत डब्यातल्या निम्म्या बायकांचा आशीर्वाद मिळालेला असतो. त्यांच्या मनात काही वाईट नसते. मी हसते आणि खिडकीबाहेर पाहते.

पण एका संध्याकाळी हाच आशीर्वाद घरी आला. खालच्या मजल्यावरच्या काकू हळदीकुंकवाला आल्या होत्या. माझी ओटी भरताना म्हणाल्या, "या वेळी कान्हा येऊ दे गं बाई. म्हणजे चौकट पुरी होईल." सासूबाईंनीही देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले. चिऊ तिथेच बसून फुटाणे निवडून खात होती. तिने मान वर केली, सगळ्यांकडे पाहिले आणि पुन्हा फुटाण्यांत घातली.

आमचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे. रात्री पडदा ओढला की एक खोली आमची, एक सासूबाईंची. पण शब्दांना पडदा नसतो. दिवा मालवल्यावर चिऊ माझ्या कुशीत शिरली आणि पुष्कळ वेळ गप्प राहिली. मला वाटले झोपली. मग तिने विचारले,

"आई, तुम्हाला कान्हा हवा होता, तर आधी मला का आणलं?"

यांचे घोरणे थांबले. पडद्यापलीकडे सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या आणि वाजायच्या थांबल्या.

मी म्हटले, "आम्हाला तूच हवी होतीस. म्हणून तुला आणलं."

"आणि आता?"

"आता आणखी एक हवं आहे."

"कुठलं?"

"जे येईल ते."

तिने विचार केला. "दुकानात असं चालत नाही," ती म्हणाली. "आधी सांगावं लागतं काय हवं ते."

"हे दुकान नाही, राणी."

तेवढ्यावर तिचे समाधान झाले की नाही कोण जाणे, पण ती झोपली. मला मात्र बराच वेळ झोप आली नाही. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर एक पाटी असते, आपण सगळ्यांनी ती पाहिलेली असते: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. ती पाटी कोणा परक्यासाठी लावलेली असावी अशा थाटात आपण तिच्याखाली बसतो. असे निदान रोखणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, आपल्या महाराष्ट्राने केला. साऱ्या देशासाठी तो १९९४ साली झाला. तरीही २००१ सालच्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या आणि २०११ साली ८९४. कायद्याने यंत्राचे तोंड बंद करता येते. हळदीकुंकवाला आलेल्या माणसांचे कोण करणार? आणि ज्या मुली जन्माला आल्या, वाढल्या, फुटाणे खात बसल्या, त्यांच्या कानांवर पडणाऱ्या शब्दांची मोजदाद तर कोणत्याच शिरगणतीत होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी या विषयावर कोणी बोलले नाही. सासूबाईंनी फक्त चिऊची वेणी नेहमीपेक्षा जास्त वेळ घातली. आणि दुपारी जाहीर केले, की डोहाळजेवण करायचे.

मी म्हटले, "दुसऱ्या खेपेला कशाला? एवढं कोण करतं?"

"पहिलं तुझ्या माहेरी झालं. हे माझ्या दारचं," त्या म्हणाल्या. विषय संपला.

झाले. हिरवी साडी, फुलांची वाडी, पाच सवाष्णी, आणि खालच्या काकूही होत्या. जेवणे झाली आणि तो नेहमीचा वाट्यांचा खेळ आला. आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. दोन झाकलेल्या वाट्या समोर ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाट्या सासूबाईंनी स्वतः भरून आणल्या होत्या. काकू पुढे सरकून बसल्या. चिऊ माझ्या गुडघ्याला चिकटून उभी होती.

मी उजवीकडची वाटी उघडली. आत रव्याचा लाडू होता.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. काकूंनी विचारले, "लाडू म्हणजे काय हो? मुलगा की मुलगी?"

"लाडू म्हणजे बाळ," सासूबाई म्हणाल्या.

"आणि त्या दुसऱ्या वाटीत?"

"ती चिऊ उघडेल. ती तिची आहे."

चिऊने झाकण काढले. तिथेही लाडू, तेवढाच, तसाच, वर एक बेदाणा लावलेला. तिने दोन्ही लाडू शेजारी शेजारी धरून नीट मापले, सारखे असल्याची खात्री करून घेतली आणि मग आपला खाल्ला. काकू क्षणभर गप्प होत्या. मग त्यांनीच हसून सासूबाईंना लाडवाचे प्रमाण विचारले.

सासूबाईंच्या मनातून कान्हा गेला, असे मी म्हणणार नाही. चाळीस वर्षांची सवय एका लाडवाने जात नाही, आणि देव्हाऱ्यापुढे त्या काय मागतात ते त्यांचे त्यांना माहीत. पण घरात तो शब्द त्यानंतर कोणी उच्चारलेला नाही.

आता दिवाळी आली आहे. चकल्या मला उभ्याने तळवत नाहीत म्हणून यंदा हे तळताहेत. त्यांतल्या काही काळ्या आहेत, पण कोणी तक्रार करू नये असा सासूबाईंचा हुकूम आहे. चिऊने परवा कपड्यांचे ढीग पुन्हा मांडले आणि फुलाफुलांची दोन झबली बाळाच्या ढिगात टाकली. तिसरे हातात घेऊन बराच वेळ बसली, आणि परत आपल्याकडे ठेवले. घाई कशाला? अजून डिसेंबर यायचा आहे.

आणि आणलेल्या फुलबाज्यांतले एक पाकीट तिने बाजूला काढून ठेवले आहे, पुढल्या दिवाळीला बाळाला लागेल म्हणून. पावसाळ्यात ते सादळेल, असे हे तिला समजावून सांगत होते. तिने ते पाकीट सासूबाईंच्या लाडवाच्या रिकाम्या डब्यात घालून झाकण घट्ट लावले आणि डबा ट्रंकेत ठेवून दिला.