चालता हे ठीक, वाकता का?

साठी उलटलेल्या पुरुषांपुढे योगासनांचा विषय काढला की तीन उत्तरं हमखास येतात. ‘ते बायकांचं काम, आम्ही तालमीत जोर-बैठका मारलेली माणसं.’ ‘आता या वयात अंग वळायचं नाही.’ आणि ‘आम्ही रोज चालतो की!’

पहिलं उत्तर इतिहासापुढे टिकत नाही. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम उभारून आसनं प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यातच घडले होते. तालीम आणि योग यांच्यात वैर लावलं ते आपण.

दुसरं उत्तर म्हणजे अंग मळलंय म्हणून अंघोळ नको म्हणण्यासारखं आहे. अभ्यासाने वृद्धालाच काय, अतिवृद्धालाही योग साधतो, असं हठयोगप्रदीपिकाही म्हणते. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी तर पट्टे, दोर, लाकडी ठोकळे, खुर्च्या वापरून ताठरलेल्या शरीरांसाठी वाट मोकळी केली आणि स्वतः नव्वदी ओलांडल्यावरही आसनं करत राहिले.

तिसरं उत्तर मात्र वजनदार आहे. चालणं हृदयाला आणि रक्तातल्या साखरेला हितकारक आहे, यात वाद नाही. पण सपाट रस्त्यावरच्या फेऱ्यांत हात डोक्यावर जात नाहीत, पाठीचा कणा पीळ घेत नाही, एका पायावर थांबायची वेळ येत नाही. वयाबरोबर स्नायू झिजतात, तोल ढळतो. मग न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वं पासष्टीपुढच्यांना चालण्यासारख्या हालचालींखेरीज आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम सांगतात. भिंतीशी उभं राहून केलेलं वृक्षासन, खुर्चीचा आधार घेऊन केलेलं वीरभद्रासन नेमकं तेच करतं. तेव्हा फिरणं सोडू नका. त्याला आसनांची जोड द्या.

आता योगाच्या भक्तांकडेही वळायला हवं, कारण नुकसान तेही करतात. आसनांनी मधुमेह मुळापासून जातो, प्रोस्टेटची गाठ विरते, गोळ्या बंद करा, असं सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. काचबिंदू असलेल्याने शीर्षासन करू नये. डोळ्यांतला दाब वाढतो. रक्तदाब आटोक्यात नसेल तर उलटी आसनं टाळावीत. हाडं ठिसूळ झाली असतील तर जोर लावून पुढे वाकू नये. आसन शिकवण्याआधी तुमची दुखणी विचारतो, तोच शिक्षक खरा.

हे पथ्य पाळलं तर पदरात पडतं ते थोडकं नाही. जुनाट कंबरदुखीत अमेरिकी वैद्यकतज्ज्ञांच्या २०१७च्या शिफारशीत गोळीआधी करून पाहायच्या उपायांमध्ये योगाचा समावेश आहे. संथ श्वसनाने मनाची घालमेल शांत व्हायला मदत होते. आणि जन्मभर बढती, पगार, गुण मोजत आलेल्या पुरुषाला इथे शेजाऱ्याशी स्पर्धा न करता शरीराकडे लक्ष द्यावं लागतं. निवृत्तीनंतर हे शिक्षण फार गरजेचं असतं.

म्हणून कपाळ गुडघ्याला टेकलं का, हा प्रश्नच सोडून द्यावा. मांडी घालून बसल्यावर कुणाचा हात न धरता उठता येतं का, एवढंच पाहावं. वय कोणत्याही आसनाने थांबत नाही. पण दुसऱ्याच्या आधाराने जगण्याचे दिवस लांबणीवर टाकता येतात, आणि त्यासाठी रोजचा अर्धा तास महाग नाही.