विद्यार्थिनीच्या शेजारी कोण उभे आहे?

लेबर रूमची पहिली ड्युटी लागली की बऱ्याच विद्यार्थिनींची आदल्या रात्रीची झोप उडते. वय अठरा-एकोणीस, घर दूर, मुक्काम वसतिगृहात. तोवर तिने प्रसूती हाताळलेली असते ती मॅनेक्विनवर. तिथे कोणी किंचाळत नाही आणि चुकले तर पुन्हा करता येते. इथे बाळ बाहेर आल्यावर पहिल्या मिनिटात ते श्वास घेते आहे की नाही हे ओळखायचे, घेत नसेल तर त्याच मिनिटात बॅग-मास्क सुरू करायचा आणि आईला 10 युनिट ऑक्सिटोसिनही वेळेत मिळेल हे पाहायचे. अनुभवी सिस्टरचे हात हे न सांगता करतात. नवशिकीला धडधड होणारच. थोडी भीती तिला सावधही ठेवते. आमची तक्रार त्या भीतीबद्दल नाही, तिच्यात आपण वरून जी भर घालतो तिच्याबद्दल आहे.

विद्यार्थिनींशी मोकळेपणाने बोलून पाहा. रक्तस्रावाच्या किंवा अडलेल्या खांद्याच्या आधी त्या बोलतात ते ओरडा खाण्याबद्दल. रुग्णाच्या देखत, आयाबाईंच्या देखत, डॉक्टरांच्या देखत. "एवढंही येत नाही?" हे वाक्य ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी विचारायचे टाळते. आणि लेबर रूममध्ये न विचारणे ही सर्वांत धोक्याची सवय आहे.

लंडनमधल्या एका मोठ्या शिक्षण रुग्णालयात इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक बाईंनी विद्यार्थिनी परिचारिकांचा अभ्यास केला होता. तो 1960 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सुमारे एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट सोडून जात. मेंझीस यांना दिसले ते असे : वेदना आणि मृत्यू रोज जवळून पाहण्याचे काम भीती निर्माण करते, आणि त्या भीतीपासून बचाव म्हणून रुग्णालयाने स्वतःच्या रीती घडवल्या होत्या. कामाचे तुकडे पाडायचे, रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा आजाराने ओळखायचे, भावना दाखवायची नाही, निर्णय वरच्याकडे ढकलायचा. या रीतींनी भीती कमी झाली नाही. उलट, माणसाची सेवा केल्याचे समाधान तेवढे गेले. इतक्या वर्षांनी आपल्याकडे 'टेबल तीनची प्रायमी' म्हटले जाते, तेव्हा तीच रीत आपण नव्या मुलीच्या हाती देत असतो.

याहून खोल ताण दुसराच आहे, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. वर्गात ती पार्टोग्राफ कळांबरोबर भरायला शिकते. वॉर्डात तो बाळंतपण उरकल्यावर आठवून भरलेला पाहते. वर्गात सन्मानपूर्वक प्रसूतीसेवा शिकते. 2017 पासूनच्या केंद्र सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही या सेवेचा समावेश आहे. आणि टेबलाशी उभी असताना कळा सोसणाऱ्या बाईच्या मांडीवर चापट बसलेली बघते. बोलावे, तर जिच्याविरुद्ध बोलायचे तिचीच सही केसबुकात हवी असते. मग ती गप्प राहते, आणि हळूहळू चापट तिलाही वावगी वाटेनाशी होते. आमच्या मते प्रशिक्षणाचे सर्वांत मोठे नुकसान हे आहे.

रात्रपाळीला एकच सिस्टर आणि टेबले भरलेली, अशा वेळी शिकवायचे कधी, हा प्रश्न खरा आहे. मनुष्यबळ वाढलेच पाहिजे आणि ती मागणी आम्ही सोडणार नाही. पण रुग्णासमोर न ओरडण्यासाठी वाढीव पद मंजूर व्हावे लागत नाही. मृत बाळ जन्मले, त्या दिवशी ड्युटी संपताना विद्यार्थिनीला बाजूला बसवून काय घडले, तू काय केलेस, तुला काय वाटले, एवढे विचारायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे न मिळालेली मुलगी ते बाळ एकटीने वसतिगृहावर घेऊन जाते.

2018 मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा दीड वर्षाचा अभ्यासक्रम आणि मिडवाइफच्या नेतृत्वाखालील प्रसूती कक्ष त्यातून आले. म्हणजे आज शिकणाऱ्या मुलींपैकी काही जणी उद्या नैसर्गिक प्रसूती स्वतःच्या निर्णयाने सांभाळणार आहेत. दरडावून घडवलेली मुलगी असा निर्णय घेऊ शकत नाही. ती वरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहते.

प्रभारी सिस्टर आणि ट्यूटर यांना आमची विनंती आहे. पुढच्या रोटेशनची यादी लावाल तेव्हा प्रत्येक विद्यार्थिनीच्या नावापुढे त्या पाळीतल्या एका सिस्टरचे नाव लिहा, आणि त्या सिस्टरला आधी विचारून लिहा. पहिल्या काही प्रसूतींना तिचा हात विद्यार्थिनीच्या हातावर असू द्या. चूक दिसली तर तिथल्या तिथे हात थांबवा, बोलायचे ते बाहेर येऊन बोला. आणि केसबुकावर सही करण्याआधी एकदा तिला विचारा, आज भीती कशाची वाटली.