काका गेले, कामं अडली नाहीत

लातूरच्या गंजगोलाईलगतच्या बोळात, माडीवरच्या दोन खोल्यांत आयुष्यभर हिशेबाचं आणि करसल्ल्याचं काम केलेले काका गेल्या महिन्यात गेले. आपलं नाव छापून आलेलं त्यांना कधी रुचलं नाही. घरच्यांनीही तीच इच्छा सांगितली, म्हणून इथे ते नुसते काका. लातुरात तेवढं पुरतं. शेवटच्या दर्शनाला मोंढ्यातले आडते होते, हमाल होते, डाळमिलवाले होते, क्लासचे मास्तर होते आणि ज्यांच्यासमोर काका वर्षानुवर्षं कागद घेऊन उभे राहिले ते निवृत्त अधिकारीही होते.

माणूस प्रेमळ होता, हे त्या दिवशी प्रत्येक जण म्हणाला. तो प्रेमळपणा कामात कसा उतरला होता, ते आपल्यासारख्या याच धंद्यातल्यांनी नीट पाहायला हवं.

काकांची पायरी चढणारा माणूस बहुधा घाबरलेला असे. कलम 143(1) ची साधी सूचना आली, तरी ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याच्या पोटात गोळा येतो. काका आधी त्याला बसवत, पाणी देत, मग कागद मराठीत सावकाश वाचून दाखवत आणि देय रकमेच्या शून्यावर बोट ठेवत. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा सुट्या डाळीवर कर नव्हता आणि नोंदणीकृत ब्रँडच्या पाकीटबंद डाळीवर 5 टक्के होता. 18 जुलै 2022 पासून ब्रँडचा निकष गेला आणि 25 किलोपर्यंतचा पॅकबंद, लेबल लावलेला माल करात आला. दोन्ही वेळा काकांनी मोठ्या अक्षरांत तक्ता लिहिला आणि त्याच्या झेरॉक्स मोंढ्यात दुकानोदुकानी दिल्या. त्यांतल्या निम्म्याअधिक दुकानांचं काम दुसऱ्यांकडे होतं.

क्लासमध्ये मानधनावर शिकवणाऱ्या तरुणांचा 10 टक्के टीडीएस कापला जातो. उत्पन्न करपात्र नसलं की ही पोरं विवरणपत्रच भरत नाहीत आणि हक्काचा परतावा बुडतो. दिवाळी झाली की काका एकेकाला फोन करत, ‘31 डिसेंबरच्या आत ये.’

पण याच मास्तरांपैकी कुणी खोटी देणगी दाखवून परतावा वाढवून मागितला, तर काका सरळ नाही म्हणत. आवाज न चढवता, दंड आणि व्याजाचा आकडा समोर मांडून. त्यामुळे काही जण त्यांना सोडून गेले. 14 जुलै 2025 रोजी अशाच खोट्या वजावटींवरून आयकर खात्याने देशभरात 150 ठिकाणी कारवाई केली, तेव्हा त्यांतले काही पुन्हा ती पायरी चढले. काकांनी कुणाला जुनं बोलून दाखवलं नाही. सुधारित विवरणपत्रं भरून दिली.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र त्यांची फाईल. काम पुढे नेणाऱ्या तरुण सहकाऱ्याने ती मला दाखवली. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने पॅन, शेवटच्या विवरणपत्राचा पोच क्रमांक, घरात विचारायचं कुणाला त्याचं नाव. एका फाईलवर लिहिलं होतं, ‘डोळ्यांना कमी दिसतं, मोठ्या अक्षरात लिहून देणे.’ दुसऱ्या एकीवर, ‘मुलगा वारला आहे, त्याचा विषय काढू नये.’ आणि प्रत्येक फाईलवर एक ओळ ठरलेली: पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल क्लायंटचाच आहे, तपासल्याची तारीख.

या शेवटच्या ओळीपाशी आपण थांबलं पाहिजे. नोंदणी करताना घाईत स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकायचा, ही सवय आपल्यात किती पसरली आहे ते आपल्याला ठाऊक आहे. ही तक्रार इतकी वाढली की 2018 मध्ये जीएसटी पोर्टलवर वेगळी सोय करावी लागली. व्यापाऱ्याने पुराव्यासह अर्ज करायचा आणि त्याच्या क्षेत्राच्या अधिकाऱ्याने मोबाइल-ईमेल बदलून द्यायचा. सल्लागार गेल्यावर ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या फोनवर जातो, घरचे दुःखात असतात, आणि महिन्याच्या 20 तारखेचं 3बी चुकलं की व्यापाऱ्यावर विलंब शुल्क सुरू होतं. क्लायंटच्या डिजिटल स्वाक्षरीची टोकनं खणात आणि पिन त्याच टोकनावर चिकटवलेला, हेही आपल्याच ऑफिसांतलं दृश्य आहे. काकांच्या खणात एकही टोकन निघालं नाही. ज्याचं त्याच्याकडे होतं.

ते गेले ते ऐन जुलैत. त्यांच्याकडच्या एकाही क्लायंटचं विवरणपत्र त्यामुळे राहिलं नाही. अशी निगुतीने काढलेली पेन्सिलीची ओळ मला कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा मोठी वाटते, कारण आपल्या माघारी दुसऱ्याला त्रास होऊ नये याचा विचार तिच्यात आहे.

एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या प्रत्येक वाचकाला विनंती आहे. येत्या 20 तारखेचं काम उरकलं की रोज दहा फायली काढा. जीएसटी आणि आयकर या दोन्ही पोर्टलवर कुणाचा मोबाइल, कुणाचा ईमेल आहे ते पाहा आणि तुमचा असेल तर क्लायंटचा टाका. टोकनं परत करा. आणि तुमच्या माघारी फायली कुणी उघडायच्या, त्या सहकाऱ्याचं नाव लिहून घरच्यांजवळ द्या.